एका प्लेटला २० मीटर

सकाळी ६. लाईट आहे तोवर संगणकाचं काम उरकतो. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं अकरा दिवसांत रडारनं जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ते आकडे आज कुणालाही फुकट मिळतात. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जळकोटभोवतीचा २४ किलोमीटरचा चौकोन कापतो आणि त्याची ४८ गुणिले ४८ घरं पाडतो. एक घर ५०० मीटरचं. यावरून ठोकळ्यांचा उठावाचा नकाशा रचायचा आहे, एका घराला एक बटण. लेगोच्या मापाच्या ठोकळ्यावर दोन बटणांत ८ मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे सगळा चौकोन ३८.४ सेंटीमीटरच्या पाटावर मावतो.

७.३०. खरी मेख उंचीत आहे. पातळ प्लेट ३.२ मिलिमीटरची. याच प्रमाणात ती २०० मीटर भरते. मग बालाघाटचा इथला चढउतार एखाद-दुसऱ्या प्लेटीतच संपेल आणि डोंगरी म्हणून ओळखला जाणारा आपला तालुका सपाट दिसेल. म्हणून एक प्लेट २० मीटरची धरतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशांतही समोच्च रेषा बहुधा याच अंतरानं असतात.

९. आता तिरू नदी. घराची सरासरी उंची घेतली की दोन्ही काठ मिसळून पात्र बुजतं. नदीच्या घरांत सर्वांत कमी आकडा घेतो आणि वरून खाली एकेक घर तपासतो. नदी कुठंही चढ चढता कामा नये.

११ ते ५ शाळा.

५.१५. व्हरांड्यात पोरं जमतात. एकजण आकडे वाचतो, दुसरा प्लेटा दाबतो. बटणांच्या पायऱ्या लांब-लांब तिथं माळ, खेटून आल्या की चढ. वहीतल्या तपकिरी रेषांनी वर्षभर न कळलेलं बोटांना लगेच कळतं. म्हणूनच हा खटाटोप मला मोलाचा वाटतो.

"सर, आमचा तांडा कुठंय?"

"आधी नदी शोध. तिथून उगवतीला मोज."

बोट तीन बटणं सरकतं, थांबतं, मग उतारानं परत नदीकडं येतं.

"सर, म्हंजे माळावरचं सगळं पाणी आमच्या शेतातनंच जातंय की!"

मग बांध कुठं घालायचा, यावर दोघांची जुंपते. मी मध्ये पडत नाही.

७. पाटाच्या कडेला ठळक लिहितो: आडवं प्रमाण १:६२,५००, उभं १:६,२५०. उंची दहापट वाढवली आहे, हे बघणाऱ्याला कळायलाच हवं. तिरूवरच्या बॅरेजसाठी निळ्या प्लेटा वेगळ्या काढून ठेवतो. त्या उद्या बसवायच्या.