मीटिंगच्या दारापर्यंत पोहोचू न देणारे सहा गैरसमज

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठले तरी उपचार मिळतात, असं त्यात दिसलं. दवाखाने कमी आहेत, खर्च परवडत नाही, ही कारणं खरीच आहेत. पण ज्याला खर्च नाही आणि जे बहुधा घरापासून फार लांबही नसतं, अशा ठिकाणीही माणसं जात नाहीत. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘एए’, हे असंच एक ठिकाण; दारू सोडू पाहणारी माणसं तिथे मीटिंगला जमून एकमेकांशी बोलतात. त्याच्याबद्दलचे गैरसमज वेळीच दूर झाले, तर कित्येक घरं सावरतील.

गैरसमज : आधी दारू सोडायची, मग मीटिंगला जायचं.

वस्तुस्थिती : १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद एकमेकांशी बोलत बसले. दोघंही दारूने बेजार झालेले. त्या बोलण्यातून एए उभं राहिलं. सभासद व्हायला तिथे आजही एकच अट आहे : दारू सोडायची इच्छा. कुणी पुन्हा प्यायला तर त्याला ‘स्लिप झाली’ म्हणतात, आणि परत येऊन बसायला सांगतात. त्याचं नाव कुणी कापत नाही.

गैरसमज : नाव-पत्ता लिहून घेतात, पैसे घेतात, मग गावभर बोभाटा होतो.

वस्तुस्थिती : ‘अनॉनिमस’ म्हणजे निनावी. माणूस फक्त पहिलं नाव सांगतो, आणि बोलायचं नसेल तर नुसतं ऐकत बसतो. फी नाही. जागेचं भाडं आणि चहाचा खर्च सभासदांनी स्वखुशीने टाकलेल्या पैशांतून निघतो. बाहेरची देणगी एए स्वीकारत नाही. ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती समजण्यासारखी आहे, पण तो ओळखीचाही त्याच दुखण्यापायी आलेला असतो. तरीही संकोच वाटला, तर डोंबिवलीच्या माणसाने दादरची मीटिंग गाठायला कुणाची हरकत नसते.

गैरसमज : तिथे धर्माचा प्रचार चालतो.

वस्तुस्थिती : एए कुठल्याही धर्माशी, पंथाशी किंवा पक्षाशी जोडलेलं नाही. दारूपासून दूर राहण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो, पण ज्याला तो जसा उमगेल तसा. कुणी ग्रुपलाच आपल्याहून मोठी शक्ती मानतो. मीटिंग चर्चच्या खोलीत किंवा शाळेच्या वर्गात भरते, ती तिथे जागा मिळते म्हणून.

गैरसमज : मीटिंगला जायला लागलं की डॉक्टरची गरज नाही.

वस्तुस्थिती : हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, नसलेलं दिसू लागतं, अंग थरथरतं. अशा वेळी रुग्णालयच गाठावं लागतं. म्हणून शरीरातून दारू उतरवण्याचं काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावं. एए औषध देत नाही आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध बंदही करायला सांगत नाही.

गैरसमज : नुसत्या बोलण्याने काय व्हायचंय?

वस्तुस्थिती : २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली. रुग्णाला पद्धतशीरपणे एएकडे नेणाऱ्या उपचारांत वर्षभरानंतर सलग दारूमुक्त राहिलेले सुमारे ४२ टक्के होते, तर इतर प्रस्थापित उपचारांत ३५ टक्के. निम्म्याहून अधिक लोकांना दोन्हीकडे अडचण आली, हेही त्याच आकड्यांत आहे. म्हणूनच पहिला प्रयत्न फसला तरी दुसरा करायचा असतो.

गैरसमज : हे पुरुषांचं काम, घरच्यांचा काय संबंध?

वस्तुस्थिती : एएमध्ये स्त्रियाही येतात. नातेवाइकांसाठी १९५१ पासून अल-अनॉन हा वेगळा गट आहे. पिणारा मीटिंगला यायला तयार नसला, तरी बायकोला किंवा आईला तिथे एकटीने जाता येतं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानेही पत्नींच्या आधारगटाला उपचारांइतकंच महत्त्व दिलं.

मीटिंग शोधायची कशी? एए इंडियाच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या हेल्पलाइनवर आपल्या भागातल्या ग्रुपचा वार, वेळ आणि भाषा विचारावी. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकांनाही स्थानिक ग्रुप ठाऊक असतात. मीटिंगच्या वेळा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करावा आणि मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’ हे विचारून घ्यावं. ओपनला नातेवाईकही बसू शकतात. क्लोज्ड फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. गावात ग्रुपच नसेल तर मोबाइलवरून ऑनलाइन मीटिंगला बसता येतं.

थोडं आधी पोहोचून ‘मी नवीन आहे’ एवढं सांगितलं तरी पुरतं. पहिला ग्रुप रुचला नाही तर दुसऱ्या ग्रुपला जावं. प्रत्येक ग्रुपमधली माणसं आणि बोलण्याची धाटणी वेगळी असते. मीटिंगहून परत निघण्याआधी तिथल्या एखाद्या जुन्या सभासदाचा फोन नंबर मागून घ्यावा, म्हणजे रात्री प्यायची तलफ आली की लावायला एक नंबर हाताशी राहतो.