जखमी जनावर आणि पहिली घटका

मेट्टूरच्या धरणातून कावेरीचे पाणी सोडण्याची ठरीव तारीख १२ जून. पावसाने साथ दिली की त्या सुमारास तंजावरच्या खेड्यांत कालवे वाहू लागतात, खाचरांत चिखल होतो आणि लावणीची लगबग सुरू होते. त्याच चिखलात बांबूचा खुंट, बाटलीची काच किंवा गंजका खिळा दिसेनासा होतो, आणि बांधावरून उतरणाऱ्या गाईचा पाय नेमका त्यावर पडतो.

या भागातील लहान शेतकऱ्याजवळ जमीन एक-दोन एकर आणि दारी एखादी गाय. नांगरट आता बहुधा यंत्राने होते. परंतु रोजचा दूधपैसा देते ती गायच. ती लंगडू लागली की घराचा हिशेबही लंगडतो. येथील मूळची उंबळाचेरी जात ठेंगणी, काटक आणि पाणथळ शेतात कामाला वाकबगार म्हणून नावाजलेली आहे. पण खुरात खिळा रुतला म्हणजे काटकपणा काय कामाचा?

अशा वेळी डॉक्टर येईपर्यंतचा काळ घरधन्याच्या हाती असतो. दुखावलेले जनावर भ्यालेले असते. ओळखीच्या माणसाने हाक मारीत, त्याला दिसेल अशा बेताने जवळ जावे. बघ्यांना दूर करावे. रक्त वाहत असेल तर धुतलेल्या फडक्याची घडी जखमेवर दहा मिनिटे घट्ट दाबून धरावी. वरचेवर उचलून पाहू नये. रक्त थांबल्यावर उकळून गार केलेल्या, किंचित मीठ घातलेल्या पाण्याने जखमेतील चिखल धुऊन काढावा. खोल रुतलेला खुंट ओढून काढण्याची घाई करू नये. हाड मोडल्याची शंका आली तर जनावराला बळेच उठवू नये. आहे तेथेच गवत अंथरून सावली करावी.

साध्या, वरवरच्या जखमेसाठी एक औषध तंजावरहूनच देशभर गेले आहे. तमिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाच्या येथील केंद्रात प्रा. पुण्यमूर्ती यांनी परंपरागत वनौषधींचा अभ्यास केला आणि पुढे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने त्यांचा प्रसार केला. कृती सोपी आहे. खोकली (कुप्पी), कडुनिंब, मेंदी व तुळस यांचा प्रत्येकी मूठभर पाला, लसणाच्या दहा पाकळ्या आणि २० ग्रॅम हळद एकत्र वाटावी. हे वाटण ५०० मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात उकळून गार करावे आणि स्वच्छ केलेल्या जखमेवर लावावे. जखमेत अळ्या झाल्या असतील तर पहिल्या दिवशी कापूर घातलेले खोबरेल लावतात. प्रतिजैविकांचा अंश दुधात उतरू नये, हाही या खटाटोपामागचा हेतू आहे. कारण ते दूध अखेर मुलांच्याच पेल्यात येते.

मात्र घरगुती उपायालाही मर्यादा आहे. जखमेवर शेण, रॉकेल किंवा यंत्राचे जुने तेल लावणे आणि तापल्या लोखंडाने डागणे हे उपाय नव्हेत, नवे दुखणे होय. पोट, कास किंवा सांध्याजवळची जखम, न थांबणारे रक्त, बाहेर आलेले हाड, किंवा संध्याकाळपर्यंत चाऱ्याला तोंड न लावणे, यांपैकी काहीही दिसले तर विलंब न करता डॉक्टरांना बोलवावे. गंजक्या खिळ्याच्या जखमेत धनुर्वाताचे भय असते. तेव्हा ती लहान दिसली तरी दाखवावीच. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी तमिळनाडूत, तसेच महाराष्ट्रातही, १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवावा.

तंजावरजवळ ओरत्तनाडू येथे सरफोजीराजे दुसरे यांनी मुक्तांबाळ छत्र बांधले. राजांच्या छत्रांत थकल्याभागल्या यात्रेकरूंना अन्न मिळे, आजाऱ्यांची शुश्रूषा होई. त्याच ओरत्तनाडूत २०१२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय चालते. वाटसरूच्या दुखण्याची जेथे विचारपूस झाली, तेथे आता मुक्या जनावराचे दुखणे ओळखण्याची विद्या शिकविली जाते. त्या विद्येचा पहिला धडा मात्र प्रत्येक गोठ्यात गिरवता येण्याजोगा आहे: शांत मन, स्वच्छ हात आणि वेळेवर मारलेली हाक.