जाताना दहा तास, येताना बारा

भूगोलाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेकडे निघालेल्या विमानाला पुढचे शहर आपणहून जवळ यायला नको का?

तोक्यो आणि लॉस एंजेलिस ही पॅसिफिक महासागराच्या दोन काठांवरची शहरे घेऊ. तोक्योहून पूर्वेकडे लॉस एंजेलिसला जायला विमानाला सुमारे १० तास लागतात. परत येताना, म्हणजे पश्चिमेकडे, साडेअकरा ते बारा तास. शंकेच्या अगदी उलट!

आधी अंतर पाहू. दोन्ही शहरे ३५ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास आहेत. सपाट नकाशावर या अक्षवृत्ताची आडवी रेघच सर्वांत जवळची वाटते. पण तिच्यावरून गेल्यास सुमारे ९,३०० किलोमीटर पडतात. आता पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो उत्तरेकडे सरकतो आणि मध्यावर ४८ अंशांपर्यंत पोहोचतो. हा बृहद्वृत्ताचा मार्ग सुमारे ८,८०० किलोमीटरचा, म्हणजे ५०० किलोमीटरने कमी.

अंतर दोन्ही दिशांना सारखेच. मग वेळ का बदलते? पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या हवेतूनच उडते. त्यामुळे जमीन खालून सरकून जात नाही. धावत्या रेल्वेच्या डब्यात चेंडू सरळ वर फेकला, तर तो परत हातातच येतो, तसेच हे.

फरक पडतो तो वाऱ्यामुळे. विषुववृत्ताकडची हवा उष्ण आणि ध्रुवाकडची थंड असते. या फरकामुळे ध्रुवाकडे निघालेली हवा पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळते आणि सुमारे १० किलोमीटर उंचीवर वेगवान जेट प्रवाह तयार होतात. म्हणजे परिवलनाचा परिणाम होतो खरा, पण तो असा वाऱ्याच्या मार्फत. हिवाळ्यात जपानवर या प्रवाहाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला. बाहेरच्या जगाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

आता गणित. हवेतील विमानाचा वेग ताशी ८८० किलोमीटर आणि संपूर्ण मार्गावर वाऱ्याचा सरासरी वेग ताशी ८० किलोमीटर मानू.

वारा नसताना : ८,८०० ÷ ८८० = १० तास
पूर्वेकडे : ८,८०० ÷ ९६० = सुमारे ९ तास १० मिनिटे
पश्चिमेकडे : ८,८०० ÷ ८०० = ११ तास

धावपट्टीवरचा आणि चढण्या-उतरण्याचा जादा वेळ यात मिळवला, की वर दिलेल्या वेळा जवळजवळ मिळतात. गंमत म्हणजे जाऊन-येऊन २० तास नव्हे, तर २० तास १० मिनिटे होतात. वारा जाताना जेवढे देतो त्याहून जास्त येताना काढून घेतो, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असते. म्हणूनच पश्चिमेकडे जाताना हा प्रवाह टाळण्यासाठी कधीकधी थोडा लांबचा मार्गही परवडतो.

घड्याळाचा घोळ मात्र वेगळा ठेवायला हवा. हिवाळ्यात लॉस एंजेलिसचे घड्याळ तोक्योच्या १७ तास मागे असते. संध्याकाळी ५ वाजता तोक्यो सोडलेला प्रवासी १० तासांनी, त्याच तारखेला सकाळी १० वाजता पोहोचतो! स्थानिक वेळांची नुसती वजाबाकी करून प्रवासाचा काळ मिळत नाही, हे विद्यार्थ्यांना यावरून सहज पटेल.

यानंतर दोरा मुंबई आणि लंडन यांच्यावर ताणायला सांगा, आणि विचारा : जास्त वेळ कुठल्या दिशेला लागेल, आणि का?