बांधकाम व स्थावर मालमत्ता संविदांतील तंटे

बांधकाम व स्थावर मालमत्ता संविदांतील तंटे : इमारत, रस्ता, धरण, कारखाना इ. बांधण्यासाठी मालक व कंत्राटदार यांच्यात होणारा करार म्हणजे बांधकाम-संविदा; तर जमीन, सदनिका वा गाळा यांचे विकसन, विक्री किंवा भाडेपट्टा यांविषयीचा करार म्हणजे मालमत्ता-संविदा होय. दोहोंना भारतीय संविदा अधिनियम, १८७२ लागू पडतो. मालमत्तेच्या बाबतीत त्याच्या जोडीला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ व नोंदणी अधिनियम, १९०८ यांचाही विचार करावा लागतो. इतर व्यापारी करारांहून या संविदांचे वेगळेपण असे, की करार होतो त्या वेळी त्याची विषयवस्तू बहुधा अस्तित्वात नसते. सदनिका नकाशावर असते आणि पायाखालचा खडक खणल्यावाचून दिसत नाही. करारात काही ना काही अनुक्त राहतेच. ते अनुक्त भरून काढण्याची रीत करारातच ठरलेली नसली, की मतभेदाचे रूपांतर तंट्यात होते.

शेतापासून सदनिकेपर्यंत : पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यातील ताथवडे हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. वाकड, पुनावळे व मारुंजी यांच्या सान्निध्यात, महामार्गालगत वसलेले हे शेतीप्रधान गाव हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्योगामुळे निवासी उपनगर बनले. २००९ मध्ये त्याचा समावेश पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत झाला. अशा गावात एकाच भूखंडावर लागोपाठ अनेक संविदा रचल्या जातात. जमीनमालक शेतकरी प्रथम विसारपावती करतो. पुढे विकसन करार व त्यासोबत विकसकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र होते. विकसक बांधकामाचे कंत्राट देतो. कंत्राटदार खोदाई, सळई, गिलावा, नळकाम यांची पोटकंत्राटे देतो. सदनिका घेणाऱ्यांशी साठेखते होतात आणि शेवटी गृहनिर्माण संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण व्हावे अशी अपेक्षा असते. प्रत्येक करारातील पक्ष निराळे असले, तरी पहिल्या दस्तऐवजातील दोष शेवटच्या दस्तऐवजापर्यंत उतरतो. साठेखत करणाऱ्या कुटुंबाने विसारपावती कधी पाहिलेलीही नसते. तिच्यातील उणिवेची किंमत मात्र त्याला मोजावी लागू शकते.

या साखळीतील सर्वांत नाजूक कडी म्हणजे हक्क. वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर भावांची नावे असतात. बहिणींची कित्येकदा नसतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू उत्तराधिकार अधिनियमात दुरुस्ती करून त्यापूर्वी विवाह न झालेल्या मुलींना सहदायाद मानले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहाची अट गेली. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वीची हस्तांतरणे व नोंदणीकृत वाटण्या तेवढ्या सुरक्षित राहिल्या. यामुळे बहिणींच्या संमतीवाचून झालेले विकसन करार दहा-पंधरा वर्षांनंतरही वाटपाच्या दाव्यात सापडू शकतात. सातबारा हा मुळात महसुली अभिलेख आहे. त्यावरील नोंद म्हणजे मालकी हक्काचा निर्णायक पुरावा नव्हे, हे सामान्य खरेदीदार विसरतो आणि काही वेळा त्याचा सल्लागारही. त्याचप्रमाणे केवळ कुलमुखत्यारपत्र, विक्रीकरार व मृत्युपत्र यांच्या जुडग्याने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात ठरविले.

येथे मुंबई प्रांताने १९३९ मध्ये केलेली एक तरतूद उपयोगी पडते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे दावा चालू असताना मिळकत घेणाऱ्यावर त्या दाव्याचा निकाल बंधनकारक असतो. मुंबई प्रांतातील या दुरुस्तीने त्यासाठी दाव्याची सूचना नोंदवण्याची अट घातली. म्हणून हक्काचा शोध घेताना फेरफार व सूची क्रमांक दोन यांच्याबरोबर अशा सूचनेचाही शोध घ्यावा लागतो. वृत्तपत्रातील जाहीर नोटीस ही या शोधाला पूरक असते, त्याची जागा ती घेऊ शकत नाही.

बांधकामातील मतभेद : कंत्राटी कामांत बदललेले काम, लांबलेली मुदत आणि अडलेले देयक ही भांडणाची नित्याची निमित्ते आहेत. पुणे परिसराची भूमी दख्खनच्या बेसाल्टची. वर माती, खाली मुरूम व त्याखाली खडक. निविदेतील परिमाणपत्रकात मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक व कठीण खडक यांचे दर वेगवेगळे असतात. समजा, तळघरासाठी एक हजार घनमीटर खोदाईत दोनशे घनमीटर कठीण खडक धरला होता आणि प्रत्यक्षात सहाशे निघाला. शेजारी वस्ती असल्याने सुरुंग लावता आले नाहीत व खडक यंत्राने फोडावा लागला. आता वाढीव परिमाणाला मूळ दर द्यावा की नवा, फोडण्याच्या पद्धतीत झालेल्या बदलाचा बोजा कोणी सोसावा आणि लागलेल्या जादा दिवसांसाठी विलंबदंड आकारावा काय, असे प्रश्न एकाच खड्ड्यातून निघतात. त्यांपैकी परिमाणाचा प्रश्न त्याच आठवड्यात उभयतांनी मोजमाप-वहीत सही केल्यास संपतो. एकदा पाया भरला गेला, की खडकाची थरनिहाय मोजणी पुन्हा होत नाही. मग तोच प्रश्न पाच वर्षांनी लवादापुढे छायाचित्रे व तर्क यांच्या आधारे सोडवावा लागतो.

विलंबदंडाबाबतही गैरसमज पुष्कळ आहेत. करारात दररोज अमुक रुपये असे लिहिले असले, तरी कलम ७४ अन्वये ती रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते व न्यायालय वाजवी भरपाईच देते. नुकसान मुळीच झाले नसेल, तर निव्वळ करारातील आकड्याच्या बळावर वसुली करता येत नाही, हे २०१५ मधील कैलाश नाथ प्रकरणावरून स्पष्ट होते. जागेचा ताबा वा नकाशे मालकाने उशिरा दिले असतील, तर मुदतवाढीचा अर्ज त्याच वेळी व लेखी करणे कंत्राटदाराच्या हिताचे असते. पुष्कळ कंत्राटदार संबंध बिघडतील या भीतीने तो करत नाहीत. संबंध तरीही बिघडतात आणि हाती कागद नसतो.

देयक अडले की त्याचा भार खालपर्यंत पोहोचतो. याचे जुने उदाहरण पुण्याहून मुंबईच्या वाटेवरच घडले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या बोरघाटातील चढणीचे कंत्राट विल्यम फ्रेडरिक फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराने घेतले व १८५६ मध्ये काम सुरू झाले. पोटकंत्राटांच्या व्यवस्थेत मजुरी थकत गेली आणि जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा हिंसक उद्रेक झाला. त्याच वर्षी फॅव्हिएलने कंत्राट सोडले. नंतरचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा भारतात आल्यावर अल्पावधीतच मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने अभियंत्यांच्या साहाय्याने कंत्राट तडीस नेले व १८६३ मध्ये घाट वाहतुकीस खुला झाला. या उद्रेकाच्या पार्श्वभूमीवर १८६० मध्ये मालक व कामगार (तंटे) अधिनियम झाला आणि रेल्वे, कालवे यांसारख्या सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्यापुढे तत्काळ नेण्याची सोय झाली. त्याच अधिनियमाने काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षेची तरतूदही केली, हे येथे नमूद केले पाहिजे.

तंटा जागीच मिटविणे : मोठ्या प्रकल्पांत तंटा-परीक्षण मंडळ नेमण्याची प्रथा अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात आयझेनहॉवर बोगद्याच्या दुसऱ्या नळीच्या कामावर १९७५ मध्ये रूढ झाली. दोन्ही पक्षांना मान्य असलेले तीन तज्ज्ञ कामाच्या प्रारंभीच नेमले जातात. ते ठराविक काळाने जागेस भेट देतात आणि वाद ताजा असतानाच मत देतात. सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (फिडिक) आपल्या आदर्श करारांच्या १९९९ च्या आवृत्तीत अशा मंडळाला स्थान दिले व २०१७ च्या आवृत्तीत तंटा टाळणे हेही त्याचे काम ठरविले. जागतिक बँकेच्या साहाय्याने होणाऱ्या मोठ्या भारतीय कामांतही ही पद्धत आढळते. लहान कामांना तीन तज्ज्ञांचा खर्च परवडत नाही. तेथे दोघांच्या विश्वासातला एक अनुभवी अभियंता करारात नावानिशी नमूद करणे पुरेसे होते. हा सोपा उपाय असूनही खाजगी करारांत तो क्वचितच दिसतो.

सरकारी कंत्राटांत अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम राहील, अशी कलमे पूर्वीपासून आहेत. असे कलम म्हणजे आपोआप लवाद-करार होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये टिप्पर चंद प्रकरणात म्हटले. आपल्याच खात्याच्या कामावर खात्याचाच अधिकारी लवाद असणे हेही २०१५ च्या दुरुस्तीनंतर सामान्यतः वर्ज्य ठरले. हितसंबंधी पक्षाने एकमेव लवाद एकतर्फी नेमणे २०१९ मध्ये न्यायालयाने अमान्य केले.

लवाद : पंचांकरवी न्याय ही महाराष्ट्राला अपरिचित गोष्ट नाही. पेशवाईत पंचांपुढे जाण्यापूर्वी वादी-प्रतिवादींकडून निवाडा मान्य असल्याबद्दल राजीनामा व जामीनकतबा लिहून घेत. मुंबई इलाख्यात १८२७ च्या सातव्या विनियमाने लवादाला लेखी चौकट दिली. १९४० चा लवाद अधिनियम न्यायालयीन हस्तक्षेपाने इतका जड झाला, की त्याच्या जागी लवाद व समेट अधिनियम, १९९६ आला. आता कैफियती पूर्ण झाल्यापासून बारा महिन्यांत निवाडा अपेक्षित असून संमतीने आणखी सहा महिने मिळू शकतात. निवाडा लवकर झाला, तरी पैसे लवकर मिळतातच असे नाही. निवाड्याविरुद्ध अर्ज केला की अंमलबजावणीस आपोआप मिळणारी स्थगिती २०१५ मध्ये रद्द झाली. २०१९ मध्ये संसदेने कलम ८७ द्वारे जुन्या प्रकरणांपुरती ती परत आणली. मुंबईच्या हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हे कलम रद्दबातल ठरविले. निवाड्यांची रक्कम अडकून पडल्याने कंत्राटदार स्वतःच्या देणेकऱ्यांना तोंड देऊ शकत नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. बोरघाटातील मजुरांची तक्रार याहून फारशी निराळी नव्हती. [⟶ लवाद].

मोठ्या रकमेच्या बांधकाम-तंट्यांना वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ लागू होतो. तातडीचा अंतरिम दिलासा नको असल्यास दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे, असे २०२२ मध्ये निश्चित झाले.

सदनिका घेणारे : यांच्याकडे कंत्राटदारासारखे मोजमाप नसते व करार बदलून घेण्याचे बळही नसते, म्हणून विधिमंडळाला हस्तक्षेप करावा लागला. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका अधिनियम, १९६३ याने वीस टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी लेखी व नोंदणीकृत करार आवश्यक केला आणि संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण करण्याचे बंधन घातले. ते पाळले न गेल्याने २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने आगाऊ रकमेची मर्यादा दहा टक्के केली. ग्राहकांच्या रकमेपैकी सत्तर टक्के निधी जमीन व बांधकाम यांसाठी स्वतंत्र खात्यात ठेवण्यास लावला. चटईक्षेत्राची एकच व्याख्या दिली आणि ताब्यानंतर पाच वर्षे दोषदुरुस्तीची जबाबदारी प्रवर्तकावर टाकली. मंजूर आराखड्यात व सामाईक जागांत बदल करण्यास दोनतृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती लागते. ताबा ठरल्या दिवशी न मिळाल्यास व्याजासह परतावा मागणे हा ग्राहकाचा बिनशर्त हक्क आहे, असे न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले.

महाराष्ट्रातील प्राधिकरण (महारेरा) १ मे २०१७ पासून काम करू लागले आणि २०१८ मध्ये ग्राहक संघटना व विकसक संघटना यांच्या प्रतिनिधींचे संयुक्त समेट मंच मुंबई व पुणे येथे सुरू झाले. सुनावणीच्या तुलनेत मंचापुढील चर्चेत ताब्याची नवी तारीख, वाहनतळ, दुरुस्ती यांसारख्या गोष्टी मोकळेपणाने ठरविता येतात. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. करारात लवादाचे कलम असले म्हणून तो बंद होत नाही. बांधीव क्षेत्रात वाटा घेणारा जमीनमालकदेखील विकसकाविरुद्ध ग्राहक ठरू शकतो, असे २००८ मधील निर्णय सांगतो. मात्र विक्रीच्या उत्पन्नात वा क्षेत्रात वाटा असलेल्या जमीनमालकास महारेरा प्रवर्तकाच्या बाजूस धरते. एकच शेतकरी अशा रीतीने एका तंट्यात फिर्यादी व दुसऱ्यात उत्तरदायी असू शकतो, हे विकसन करारावर सही करताना त्याला सांगितले जातेच असे नाही.

आदेशाची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत होते. प्रवर्तकाची मिळकत आधीच तारण असल्यास ही वसुली रेंगाळते. विकसक कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, तर कंपनीविरुद्धची वसुली स्थगित होते. २०१८ च्या दुरुस्तीने सदनिकाधारकांना वित्तीय धनकोंचा दर्जा मिळाला आहे. परंतु २०२० पासून अशी प्रक्रिया सुरू करण्यासाठी त्याच प्रकल्पातील किमान शंभर किंवा एकूण सदनिकाधारकांच्या एकदशांश, यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्यांनी एकत्र अर्ज करावा लागतो.