नळदुर्ग कशापायी तोडून दिलं? तैनाती फौजेबद्दलचे गैरसमज

बलाढ्य देशानं दुबळ्या देशाला सैन्य किंवा शस्त्रं दिली की आपण त्याला मदत म्हणतो आणि तीच अडवली की दबाव म्हणतो. जणू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुरुम, उमरगा, नळदुर्ग हा आपला पट्टा दीर्घकाळ निजामाच्या दौलतीत होता, आणि त्या दौलतीचा इंग्रजांशी झालेला व्यवहार पाहिला तर ही फारकत टिकत नाही. फौजेचा हुकूम, खर्चाचा हिशेब आणि मदत थांबवण्याचा अधिकार हे तिन्ही देणाऱ्याच्याच हाती असले, तर मदत घेतली त्याच दिवशी दबावही सुरू झालेला असतो.

शाळेत आपण शिकलो की वेलस्लीनं १७९८ मध्ये तैनाती फौजेची पद्धत आणली, निजामानं ती सर्वांत आधी पत्करली आणि त्याला मराठ्यांपासून संरक्षण मिळालं. हे अर्धंच खरं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन पलटणी निजामाच्या पदरी त्याच्या आधीपासून होत्या. मार्च १७९५ मध्ये आपल्या परंड्यापासून जवळच, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला, मराठ्यांनी निजामाचा पराभव केला तेव्हा त्या पलटणी लढायला उतरल्या नाहीत. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांना मराठ्यांशी वैर नको होतं. म्हणजे ज्या संकटासाठी निजाम इंग्रजांकडे पाहत होता, नेमकं तेच आलं तेव्हा फौज जागेवर बसून राहिली. तीन वर्षांनी कंपनीला फ्रेंचांची धास्ती वाटू लागली आणि मग मात्र तीच कंपनी तत्पर झाली. १ सप्टेंबर १७९८ ला करार झाला आणि ऑक्टोबरात निजामाची स्वतःची, फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार केलेली कवायती फौज मोडून टाकण्यात आली. मदतीची वेळ देणाऱ्याच्या गरजेनं ठरली, घेणाऱ्याच्या नव्हे.

ही फौज फुकट मिळाली, हा दुसरा समज. तिच्यासाठी निजामानं वर्षाला २४ लाख १७ हजार १०० रुपये द्यायचं ठरलं. दोनच वर्षांनी, १८०० च्या तहात, रोख रकमेऐवजी मुलूखच घेण्यात आला. टिपूविरुद्धच्या युद्धांतून निजामाच्या वाट्याला आलेले बळ्ळारी, कडप्पा वगैरे प्रांत कंपनीकडे गेले. एवढं दिल्यावर हिशेब मिटायला हवा होता. पण इथंच एक गोष्ट नेहमी गाळली जाते. आपल्या भागाचं जे झालं ते या तैनाती फौजेमुळे झालंच नाही. ते झालं हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या दुसऱ्याच फौजेमुळे. हैदराबादेतले कंपनीचे रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या काळात ती वाढली. नाव निजामाचं, पगार निजामाच्या खजिन्यातून, अधिकारी इंग्रज आणि हुकूम रेसिडेंटचा. १८०० च्या तहानुसार निजामानं फक्त युद्धकाळात ६ हजार पायदळ आणि ९ हजार घोडदळ पुरवायचं होतं. शांततेच्या काळात कायम फौज पोसण्याचं बंधन त्यात नव्हतं. हे निजामाचे पक्षपातीच म्हणतात असं नाही. खुद्द लॉर्ड डलहौसी यांनी हे आपल्या टिपणात मान्य केलं आणि तरीही वसुली सोडली नाही.

निजाम ऐषारामानं कर्जबाजारी झाला, असं सर्रास म्हटलं जातं. दरबारात उधळपट्टी होती, जमाबंदीचा कारभार ढिला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कर्जाचा उगम पाहा. कंटिन्जंटचा पगार महिन्याच्या महिन्याला द्यावाच लागे आणि वसूल मात्र पिकांच्या हंगामावर येई. मधली तफावत हैदराबादची विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी भरून काढी, शेकडा २४ च्या आसपास व्याजानं. त्या पेढीचा एक भागीदार, विल्यम रम्बोल्ड, गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांच्या पालनातल्या मुलीचा नवरा होता. पुढे रेसिडेंट मेटकाफ यांनी हा प्रकार उघडकीला आणला. पेढीचं देणं भागवण्यासाठी निजामाला उत्तर सरकारच्या प्रांतांची दरसालची पेशकश कायमची सोडावी लागली. एक देणं फिटलं, कंटिन्जंट तशीच राहिली, आणि आता पगार थकला की कंपनीच आपल्या खजिन्यातून तो भागवून निजामाच्या नावे मांडू लागली. २१ मे १८५३ च्या तहात त्या थकबाकीपोटी आणि पुढच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा पश्चिम सरहद्दीचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. एक गोळी न झाडता आपल्या जिल्ह्याचा हातबदल झाला.

यावर आक्षेप घेतला जातो की कंपनीच्या अमलात नळदुर्गचं भलंच झालं. मेडोज टेलर यांनी तिथं जमिनीची मोजणी केली, रस्ते बांधले, आणि ते कळकळीचे अधिकारी होते हे मान्यच. पण एका अधिकाऱ्याच्या चांगुलपणानं व्यवहार न्याय्य ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, निजामशाही मात्र टिकली, मग सौदा शहाणपणाचाच नव्हे का? पण पेशव्यांनीही १८०२ मध्ये वसईला हाच सौदा केला होता. निजामाची गादी टिकली ती निमूटपणे किंमत मोजत राहिल्यामुळे, आणि ती किंमत गादीवर बसणाऱ्यानं दिली नाही, शेतसारा भरणाऱ्या गावांनी दिली.

१८५७ च्या उठावात हैदराबाद इंग्रजांच्या बाजूनं राहिलं. त्याचं बक्षीस म्हणून १८६० मध्ये ५० लाखांचं कर्ज माफ झालं, नळदुर्ग आणि रायचूर परत आले. वऱ्हाड मात्र आलं नाही. कंटिन्जंटचा खर्च ज्याच्या व्याजातून भागेल एवढी रक्कम एकदम ठेव म्हणून देतो, वऱ्हाड परत करा, असं दिवाण सालारजंग यांनी पुढे कळवलं. तेही फेटाळलं गेलं. पैशासाठीच प्रांत घेतला असता तर पैसे घेऊन सोडला असता. १९०२ मध्ये कर्झन यांनी वऱ्हाड २५ लाख वार्षिक खंडानं कायमचं लिहून घेतलं आणि लवकरच कंटिन्जंट हिंदी लष्करात विलीन झाली. ज्या फौजेसाठी प्रांत तारण दिला ती राहिली नाही, प्रांतही आला नाही.

आजचे देश सार्वभौम आहेत, तेव्हा ही तुलना ओढूनताणून केलेली आहे, असं कोणी म्हणेल. फरक आहेच. आज मुलूख तोडून मागत नाहीत. पण मदत थांबवण्याचा अधिकार अजून तिथंच आहे. पाकिस्ताननं अमेरिकेकडून मागवलेली २८ एफ-१६ विमानं १९९० मध्ये प्रेसलर दुरुस्ती या अमेरिकी कायद्यामुळे अडकली, त्यांच्यापोटी पैसे भरूनही. २०१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं मंजूर केलेली युक्रेनची लष्करी मदत अध्यक्ष ट्रम्प यांनी रोखून धरली, आणि त्याच काळात राजकीय प्रतिस्पर्ध्याच्या चौकशीची मागणी केली. म्हणून मदत घेऊच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याच्या दारात शत्रू उभा आहे त्याला निवड करायला फारशी जागा नसते. पण कोणी किती मदत दिली हा आकडा वाचताना ती कोण, कधी, कशासाठी थांबवू शकतो, हेही वाचलं पाहिजे.

निजामाला इंग्रजांनी ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ हा किताब दिला होता. वऱ्हाडाचा प्रश्न त्यानं पुन्हा काढला तेव्हा १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंग यांनी स्पष्ट कळवलं की कोणताही संस्थानिक ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्यानं बोलणी करू शकत नाही. १९४७ मध्ये सगळे जुने करार कायद्यानंच संपले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गात शिरलं आणि १७ तारखेला निजाम शरण आला. दोस्ताच्या मदतीला इंग्रजांचा एकही शिपाई आला नाही. मराठवाड्याच्या दृष्टीनं ते फार चांगलं झालं.