खोका जुना चालेल, पोट नवे हवे

अमेरिकेतल्या युटा राज्यात मोअॅब नावाचे गाव आहे. तिथल्या लाल खडकांवर १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास जीपवाल्यांचा मेळा भरतो. अशा ठिकाणी इंजिन क्वचितच दगा देते. मोडतो तो ॲक्सल. मग गाडीमालकापुढे प्रश्न येतो: दणकट ॲक्सल भंगारातून उचलायचा की नवाकोरा घ्यायचा?

मुळात तो मोडतो का, ते आधी पाहू. १९९७ ते २००६ या काळातल्या साध्या जीप रँग्लरला पुढे डाना ३० आणि मागे बहुधा डाना ३५ ॲक्सल असे. ते बसवले होते साधारण २८ इंची टायरांच्या हिशेबाने. त्यांच्या जागी ३७ इंची टायर चढवले की चाक अडल्यावर ॲक्सलवर येणारा पीळ कितीतरी वाढतो. त्यातून डाना ३५ सेमी-फ्लोटिंग. म्हणजे शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचे वजनही पेलतो. तो तुटला की चाकच बाहेर यायला लागते. एक टनी मालवाहू पिकअपच्या मागच्या ॲक्सलमध्ये वजन हबवर असते आणि शाफ्टला फक्त फिरवण्याचे काम उरते. याला फुल-फ्लोटिंग म्हणतात. इथे शाफ्ट तुटला तरी गाडी चाकांवर उभी राहते.

म्हणून खडकवाल्यांची नजर पिकअपच्या भंगारावर असते. पुढे डाना ६० आणि मागे जनरल मोटर्सचा फोर्टीन बोल्ट ही तिथली आवडती जोडी. क्राऊन व्हीलचा व्यास डाना ३० मध्ये सव्वासात इंचांच्या आत, डाना ६० मध्ये पावणेदहा, तर फोर्टीन बोल्टमध्ये साडेदहा इंच. ताकदीचा फरक इथेच कळतो. फोर्टीन बोल्टचा गोळा, म्हणजे गिअर सामावणारा मधला फुगीर भाग, मात्र इतका खाली लोंबतो की खडकाला घासू नये म्हणून अनेकजण तो खालून कापून घेतात.

जुन्या ॲक्सलची किंमत ऐकून हुरळून जाण्यात अर्थ नाही, कारण खरा खर्च तो घरी आणल्यावर सुरू होतो. बेअरिंग, सील, ब्रेक आणि पुढच्या ॲक्सलचे बॉल जॉइंट किंवा किंगपिन बदलावे लागतात. जीपचा मूळ गिअर ३.७३ चा असेल, तर टायर २८ चे ३७ इंची झाल्यावर आधीचा जोर टिकवायला ४.९३ च्या जवळचा, म्हणजे ४.८८ चा क्राऊन-पिनियन लागतो, आणि तोही पुढे-मागे सारखाच. त्यावर दोन्ही चाके एकत्र फिरवणारा लॉकर. पिकअपचे जुने ब्रॅकेट कापून जीपचे वेल्ड करायचे, तर नळी वाकण्याचा धोका असतो. मधला गोळा ओतीव लोखंडाचा. तो नीट तापवल्याशिवाय वेल्डिंग केले तर तडा जातो. १९९९ नंतरच्या फोर्ड सुपर ड्यूटीचा ॲक्सल घेतला, तर त्याच्या चाकाला आठ बोल्ट असतात, म्हणजे रिमही नव्या.

भंगारात निवड करताना पहिले काम तेल पाहण्याचे. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. तळाशी धातूचे कण दिसले तर गिअर किंवा बेअरिंग खाल्ले आहे. पिनियन हाताने हलवून प्ले बघा, नळी सरळ आहे का ते मोजा आणि गोळ्यावरचा नंबर वाचा. सुरुवातीच्या काही वर्षांत सुपर ड्यूटीच्या पुढे डाना ५० ही येत असे आणि बाहेरून तो डाना ६० सारखाच दिसतो.

नव्याची बाजूही भक्कम आहे. रँग्लरच्या नंतरच्या मॉडेलांसाठी डाना कंपनीच 'अल्टिमेट डाना ६०' नावाचे तयार ॲक्सल विकते. गिअर, लॉकर आणि जीपचे ब्रॅकेट सगळे बसवलेले असते. जोडीची किंमत दहा हजार डॉलरच्या वर जाते, पण कापाकापी वाचते. शिवाय २००७ पासूनच्या रँग्लरमध्ये गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणा चाकांच्या सेन्सरवर चालते. पिकअपचा जुना ॲक्सल लावला आणि ते सेन्सर जुळले नाहीत, तर एबीएस आणि ही यंत्रणा दोन्ही निकामी होतात. गाडी रोज हायवेवर धावणार असेल, तर ही बाब किमतीपेक्षा मोठी आहे.

भारतातल्या थारवाल्यांनी ॲक्सल बदलण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या मूळ स्वरूपात फेरबदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. त्यामुळे कामाला हात घालण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावे.

ज्यांची गाडी ट्रेलरवरून खडकापर्यंत जाते आणि ज्यांच्या हाताशी चांगला वेल्डर आहे, त्यांनी जुना ॲक्सल खुशाल घ्यावा. पण त्याचा फक्त बाहेरचा खोका वापरावा. बेअरिंग, सील, गिअर आणि पुढचे शाफ्ट नवेच बसवावे. ज्यांची गाडी सोमवारी ऑफिसलाही जाते, त्यांनी नवा घ्यावा. आणि दोन्ही पर्यायांची तुलना विकत घेतल्याच्या किमतीवर करू नये. गाडीखाली बसवून, तेल भरून ॲक्सल तयार होईपर्यंत जो आकडा होईल, तोच खरा भाव.