पाच व्हॉल्व्हचा रेडिओ

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ला सुरू झालं आणि वर्धा जिल्ह्याला आपलं म्हणावं असं स्टेशन मिळालं. आमच्या आर्वीच्या घरातला पाच व्हॉल्व्हचा सेट त्यानंतर काही वर्षांनी आलेला. पोस्टातून दरसाल नवं करून आणायचं त्याचं लायसन्स अजून पाठीमागच्या पुठ्ठ्यात खोचलेलं आहे. सेट मात्र कितीतरी वर्षं माळ्यावर मुका पडून होता.

खाली काढला, पुसला आणि मी प्लग हातात घेतला. तेवढ्यात मेकॅनिक काका ओरडले, "डायरेक्ट लाइन देऊ नको बाप्पा! आधी सिरीजचा बल्ब लाव." रेडिओच्या वाटेत १०० वॅटचा पिवळा बल्ब जोडला. (तोही आता शोधावा लागतो.) बल्ब भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट, उजळून मंदावला तर पुढं जायला हरकत नाही. आमचा मंदावला. मग थेट लाइन दिली. काचांमधले फिलामेंट लालसर झाले, तापलेल्या धुळीचा वास आला.

पाठोपाठ स्पीकरमधून घूंऽऽ असा घुमारा. फिल्टर कंडेन्सर वाळले होते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात टिनाखालच्या माळ्यावर ते टिकणार तरी कसे! नवे टाकले, घुमारा गेला. पण आवाज फाटका. घरचे म्हणाले, व्हॉल्व्ह गेला. व्हॉल्व्ह डोळ्यांना दिसतो, म्हणून आळ त्याच्यावर येतो. काकांनी चेसिस उलटी केली, आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला मीटरची पिन टेकवली. तिथं शून्य हवं. काटा १२ व्होल्टांवर. आधीच्या व्हॉल्व्हकडून येणारा आवाज पुढं सोडायचा आणि सोबतचा डीसी अडवायचा, एवढंच ज्याचं काम, तो मेणकागदाचा कंडेन्सर लीक झाला होता. अशा वेळी व्हॉल्व्ह नको तितका करंट ओढतो, आतली प्लेट लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तो आता सहजी मिळत नाही. कंडेन्सर मिळतो काही रुपयांत.

नवा ०.०१ मायक्रोफॅरडचा टाकायच्या आधी प्लग काढला. तरीही काकांनी फिल्टरमध्ये साठलेला चार्ज रेझिस्टन्स लावून उतरवला, दुसरा हात पाठीशी धरून.

रात्री घरातले एलईडी दिवे आणि चार्जर बंद केले. मीडियम वेव्हवर त्यांची खरखर फार. ५८५ किलोहर्ट्झवर नागपूर लागलं. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तिनं आवाज थोडा वाढवला.